तीस तासांची प्रतिभा

सर्जनशील लेखन आता तीस तासांत येतं. ही कुठल्या क्लासची जाहिरात नाही, साधं त्रैराशिक आहे. पंधरा तासांचा एक श्रेयांक, विषय दोन श्रेयांकांचा, म्हणून तास तीस. त्यातला पहिला तास मुलांना वर्ग सापडण्यात जातो, शेवटचा त्यांच्याकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घेण्यात. राहिले अठ्ठावीस. तेवढ्यात कथा, कविता, ललित गद्य आणि पटकथा अशी चार प्रकरणं उरकायची. म्हणजे कवितेच्या वाट्याला सात तास आले. एवढ्यात केशवसुतांनी काय केलं असतं ते सांगता येत नाही, पण सातव्या तासाची घंटा झाल्यावर त्यांना पटकथेकडे वळावंच लागलं असतं.

नव्या शैक्षणिक धोरणाची महाराष्ट्रातली चौकट एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने ठरली आणि तेव्हापासून आमच्याकडची बी. ए.ची पोरं बँकेतल्या माणसांसारखी बोलायला लागली. कुणाचे किती क्रेडिट जमा, कुणाचे बाकी, कुणाचे पुढच्या सेमिस्टरला वळते. एकाने मला आपला सगळा संसार ऐकवला : मेजर मराठी, मायनर इतिहास, ओपन इलेक्टिव्हला शेअर बाजाराची ओळख आणि स्किलला क्रिएटिव्ह रायटिंग. मी विचारलं, "यात मराठी वाचतोस कधी?" तो म्हणाला, "सर, ती मेजर आहे. तिचं परीक्षेच्या आधी बघतो."

मी राहतो कोळगावला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, राज्यातला ३६वा जिल्हा म्हणून, आणि मुख्यालयासाठी पालघर-बोईसर रस्त्यावरचं आमचं कोळगाव ठरलं. सिडकोने जमिनीच्या मोबदल्यात इमारती बांधून दिल्या, ऑगस्ट २०२१ मध्ये उद्‌घाटन झालं आणि गवताच्या माळावर एकदम जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक अशी सगळी मोठी मंडळी बिऱ्हाडाला आली. तेव्हापासून कोळगावात साधं असं काही उरलं नाही, सगळं जिल्हास्तरीय झालं. वडापावची गाडी जिल्हास्तरीय, खड्डेही जिल्हास्तरीय. दिवाळी अंकांत माझे चार-दोन विनोदी लेख छापून आलेले, त्यात पत्ता कोळगावचा, त्यामुळे मीही हात न हलवता जिल्हास्तरीय साहित्यिक झालो. याच पदाच्या जोरावर आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाने मला सर्जनशील लेखनाच्या वर्गावर पाहुणा म्हणून बोलावलं. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. तिथला चहा चांगला असतो आणि मला पुन्हा जायचं आहे.

विभागप्रमुख मॅडमनी अभ्यासक्रमाची प्रत माझ्या हातात ठेवली. पहिल्याच पानावर 'अभ्यासक्रमाची फलिते' होती. एक : विद्यार्थ्यास साहित्यनिर्मितीची प्रक्रिया स्पष्ट करता येईल. दोन : विद्यार्थ्यास स्वतंत्र कविता रचता येईल. तीन : विद्यार्थ्यास कथा लिहिता येईल.

"मॅडम, हे नक्की?"

"सर, 'येईल' असंच लिहावं लागतं. 'आली तर येईल' असं क्रियापद यादीत नाही."

यादी म्हणजे बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या पायऱ्या. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शिकण्याची उतरंड रचली : आधी आठवणं, मग समजणं, मग वापरणं, असं वर वर. २००१ मध्ये ती सुधारली गेली आणि 'निर्मिती' सगळ्यात वरच्या पायरीवर बसली, मूल्यमापनाच्याही वर. आपण भौतिकशास्त्राच्या वर आहोत हे मराठी विभागाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हा आनंद एक्सेलची शीट येईपर्यंत टिकला. त्या शीटमध्ये प्रत्येक फलिताचा पदवीच्या व्यापक उद्दिष्टांशी किती संबंध आहे ते एक, दोन किंवा तीन या आकड्यांत भरायचं असतं. 'विद्यार्थ्यास कविता रचता येईल' याचा 'पर्यावरणविषयक जाणीव' याच्याशी संबंध किती? मॅडमनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं आणि दोन भरला. "पावसाच्या असतातच की," त्या म्हणाल्या.

मग फोटो. व्याख्यानाआधीच, कारण नंतर वर्गात ऊन तिरपं येतं. हल्ली मोबाईलमधल्या ॲपने फोटोखाली तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांश उमटतात. नॅकच्या मूल्यांकनाला असा पुरावा लागतो. अक्षांश-रेखांश खोटं बोलत नाहीत असा एकंदर समज आहे. मी आधी भाषण करतानाची पोझ दिली, मग सत्कार स्वीकारतानाची, मग प्रश्नोत्तरांची. प्रश्न विचारण्यासाठी पहिल्या बाकावरची मुलगी निवडली होती. तिने विचारलं, "सर, हात वर करू की उभी राहू?"

"प्रश्न काय आहे?"

"तो नंतर."

प्रश्न नंतर आला आणि तो अपेक्षेप्रमाणे 'लेखन शिकवता येतं का?' हाच होता. आपल्याकडे हा प्रश्न लोक असा विचारतात की जणू तो काल दुपारी निर्माण झाला. ना. सी. फडक्यांनी १९३१ मध्येच 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचं तंत्र बारकाईने मांडलं होतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची सुप्रसिद्ध लेखन कार्यशाळा सुरू झाली ती १९३६ मध्ये. म्हणजे आपण पाच वर्षं पुढे होतो. फरक एवढाच, की त्यांनी विभाग काढला आणि आपण फडक्यांवर वाद काढला. पुढे दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला गेले, पण ते तोवर लेखक होऊन गेले होते. त्यांना फलितं गाठायची नव्हती.

मग मराठी लेखक आपल्या विद्यापीठांत होते तरी कुठे? मस्टर काढून बघितलं तर मोठी मौज आहे. मर्ढेकरांनी इंग्रजी शिकवलं. विंदा करंदीकरांनी इंग्रजी. जी. ए. कुलकर्णींनी धारवाडला इंग्रजी, वसंत कानेटकरांनी नाशिकला इंग्रजी, भालचंद्र नेमाडे आणि विलास सारंग यांनीही इंग्रजीच. गंगाधर गाडगीळ आणि पु. शि. रेगे अर्थशास्त्रात. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे मानवशास्त्रात. स्वतः फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मग इतकी वर्षं मराठी विभाग काय करत होता? यांच्यावर प्रबंध लिहीत होता. याला अपवाद आहेत आणि ते थोर आहेत, पण अपवादांनी विनोदी लेखात फार वेळ बसू नये.

मला सगळ्यांत आवडतो तो जयंत नारळीकरांचा किस्सा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि देशभर त्यांचं नाव झालेलं होतं. नाव पाहून परीक्षक दबू नयेत म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहून घेतली. 'कृष्णविवर' या त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे मी वर्गात रंगवून सांगितलं. मुलांना यात नवल काय ते कळेना. भलत्याच नावावर, तिसऱ्याच्या अक्षरात, वेळेच्या आत दिलेला मजकूर : याला त्यांच्याकडे जर्नल म्हणतात.

या जर्नलवरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. विद्यापीठात सर्जनशील लेखन सगळीकडे चालू असतं. फक्त ज्या तासाला ते शिकवतात तेवढा तास बंद असतं.

पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा घ्या. गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवं हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. लंबक मात्र बाहेरून आल्यासारखा वागतो आणि काहीतरी साडेआठ वगैरे देतो. तेव्हा पोरं शेवटच्या पानावर ९.८ लिहितात आणि तिथून उलट चालत चालत निरीक्षणांपर्यंत येतात. तेही अगदी ९.८ नाही, कधी ९.७, कधी ९.९, कारण फार बरोबर आलं तर सर संशय घेतात. शेवट आधी ठरवायचा, मग त्याला साजेसे पुरावे मागे पेरत जायचे आणि वाचकाला पटेल एवढीच चूक ठेवायची, ही रहस्यकथेची अख्खी विद्या आहे. ती आमच्या सायन्सच्या मुलांना पहिल्या वर्षालाच येते आणि तिचे दोन श्रेयांक मराठी विभागाला मिळत नाहीत.

पण महाविद्यालयातलं सर्वांत उच्च ललित गद्य म्हणजे समित्यांची इतिवृत्तं. प्रत्येक महाविद्यालयात ग्रंथालय समिती असते, शिस्तपालन समिती असते, विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, आणि त्या सगळ्यांच्या ठरावीक बैठका व्हाव्या लागतात. बैठका होतातच असं नाही, इतिवृत्तं मात्र होतात. मूल्यांकनाची तारीख जाहीर झाली की ती भराभर जन्माला येतात. मी ज्या महाविद्यालयाबद्दल बोलतोय तिथे वाणिज्य शाखेचे एक सर या प्रकारातले मातब्बर आहेत. त्यांच्या इतिवृत्तात एक सदस्य सूचना मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, तिसरा सौम्य मतभेद नोंदवतो, अध्यक्ष मध्यममार्ग सुचवतात, 'यावर सांगोपांग चर्चा होऊन' ठराव सर्वानुमते मंजूर होतो आणि चहापानानंतर बैठक संपते. प्रत्येक पात्राचा बोलण्याचा ढंग वेगळा. एका इतिवृत्तात तर त्यांनी एका सदस्याची गैरहजेरी नोंदवली होती. जी बैठक झालीच नाही, तिला एक माणूस आला नाही, हे सुचायला खरी प्रतिभा लागते. मी त्यांना कथा लिहायचा आग्रह केला. ते म्हणाले, "छे छे सर, आपल्याला कल्पनाशक्ती नाही."

आता वर्गाकडे. आमच्या जिल्ह्याचा वर्ग म्हणजे एकाच खोलीत चार-पाच मराठ्या. जव्हार-मोखाड्याकडून एसटीने किंवा वसतिगृहातून येणारी वारली, कोकणा मुलं, सातपाटीची मांगेली बोलणारी, केळवे-माहीमची वाडवळी बोलणारी. बोईसरच्या चाळीतल्या मुलाचे वडील तारापूरच्या एमआयडीसीत रात्रपाळी करतात, तो घरी भोजपुरी बोलतो आणि बाहेर सगळ्यांपेक्षा शुद्ध मराठी. उशीर झाल्यावर ही मुलं दारात उभी राहून जे सांगतात ते ऐकावं. गाडी का थांबली, मग रुळांतून कोण चालत निघालं, त्याला कोण ओरडलं, त्यात आत्याची पाटी कशी राहिली आणि तिच्यातली कोलंबी कुणी सांभाळली. आरंभ, गुंतागुंत, कळस, सगळं अडीच मिनिटांत. मग ती बाकावर बसतात आणि 'कथालेखन' या शीर्षकाखाली लिहितात : श्रेया आणि आर्यन कॉफी शॉपमध्ये बसले होते. बाहेर रिमझिम पाऊस पडत होता. श्रेयाच्या डोळ्यांत एक अनामिक हुरहुर होती. हे कॉफी शॉप कुठलं, म्हणून मी विचारलं. "सर, कथेतलं."

आमच्याच जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांमध्ये राहून, लढून गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. महत्त्वाचं असल्यामुळे ते कपाटात आहे, आणि फार महत्त्वाचं असल्यामुळे कपाटाला कुलूप आहे.

कवितेचं प्रकरण तर मोबाईलनेच सोपं करून टाकलंय. त्याला विषय सांगितला की तो बारा ओळी देतो. या कविता ओळखायची खूण म्हणजे शेवटच्या कडव्यात हमखास आशा असते. मी गेलो त्या आठवड्यात निम्म्या वर्गात एकाच दिवशी नवी पहाट झाली होती. मॅडमनी त्यावर गुणांकनाचा तक्ता केला होता. अंतर्गत वीस गुण : मौलिकता पाच, भाषिक सौंदर्य पाच, रचना पाच आणि वेळेत सादरीकरण पाच. शिवाय उचलेगिरीची तपासणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्याच्या वर चौकशी. मी गंमत म्हणून तुकोबांना तक्त्यात बसवून पाहिलं. प्रत्येक अभंगात तीच नाममुद्रा, म्हणजे साम्य उघडच. आणि वह्या इंद्रायणीतून वर आल्या त्या तेराव्या दिवशी, म्हणजे वेळेत सादरीकरणाचे पाच गेले. वीसपैकी पंधराच्या वर काही सरकत नव्हते, आणि मंबाजी अंतर्गत परीक्षक असते तर तेवढेही नाहीत.

खरी पंचाईत आली ती ओजेटीला. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. चार श्रेयांक. इथे एका श्रेयांकाचे तीस तास धरतात, म्हणजे एकशेवीस तास मुलांनी आपल्या विषयाच्या उद्योगात जाऊन काम करायचं. रसायनशास्त्राच्या मुलांचं ठीक आहे, दारातच तारापूर एमआयडीसी आहे. मराठीचा उद्योग कुठाय? मॅडमनी तरी धीर करून एमआयडीसीतल्या काही कंपन्यांना पत्रं धाडली : आमच्या विद्यार्थ्यांना सर्जनशील लेखनाचं प्रशिक्षण द्यावं. एका कंपनीतून फोन आला. तिथल्या साहेबांनी फार आपुलकीने विचारलं, "पिंपावर 'ज्वलनशील' लिहायचं काम आहे. लिहितील?" मॅडम म्हणाल्या, "तो एकच शब्द आहे हो." साहेब म्हणाले, "पण पिंपं खूप आहेत."

शेवटी ज्याला जे सुचलं ते त्याने गाठलं. एक मुलगा पत्रिका छापणाऱ्याकडे गेला आणि आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं, हा लहान मुलांच्या तोंडचा मजकूर नव्या नव्या तऱ्हेने लिहू लागला. त्यात त्याने लग्न झालेल्या दोन मावश्यांचा उल्लेख टाळण्याचं तंत्र विकसित केलं, ते पटकथेला उपयोगी आहे. दुसरा स्थानिक बातम्यांच्या चॅनेलवर गेला आणि आठवड्यात त्याच्या बोलण्यातलं प्रत्येक वाक्य 'खळबळ' या शब्दाने संपायला लागलं. आणि विक्रमगडकडची एक वारली मुलगी, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, कोळगावला आमच्या नव्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाहेर अर्ज लिहून देणाऱ्या काकांकडे गेली.

या काकांचं दुकान म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप, एक प्रिंटर, मोठी छत्री आणि कोर्ट फीच्या तिकिटांचा डबा. मला ते शेजारच्या चहाच्या टपरीमुळे ओळखीचे. त्यांच्याकडे जिल्ह्याचं सगळं वाङ्मय येतं. जातीचा दाखला, सातबाऱ्यातली चूक, बुलेट ट्रेनमध्ये गेलेल्या जमिनीचा मोबदला, वारसनोंद, अवकाळीची भरपाई, वनहक्काचे दावे. ओजेटीच्या फॉर्मवर 'उद्योगातील मार्गदर्शकाची सही व शिक्का' असा रकाना होता. काकांकडे शिक्का नव्हता, तो त्यांनी या कामासाठी मुद्दाम करून घेतला आणि आता ते तो चहाच्या बिलावरसुद्धा मारतात.

पहिल्या दिवशी मुलीने लिहिलेला अर्ज त्यांनी वाचला आणि लाल पेन उघडलं.

"'गेल्या कित्येक वर्षांपासून' काढ. साल लिही."

"'अत्यंत हलाखीची परिस्थिती' काढ. उत्पन्नाचा दाखला जोडलाय ना? मग तो बोलेल."

"विषय एका ओळीत, बाय. दोन ओळी झाल्या की साहेबाला वाटतं भांडण आहे."

"आणि शेवटी हवंय काय ते लिही. लोक दीड पान लिहितात आणि मागायचंच राहून जातं."

मी चहाचा ग्लास हातात धरून हे ऐकत होतो. सात तासांच्या कविता-प्रकरणात यातलं एक वाक्य नव्हतं.

एके दिवशी मोखाड्याकडचे एक म्हातारबाबा आले. वनहक्काचा दावा पुराव्याअभावी फेटाळलेला. २००६च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं. आता जंगलात नाचणी पेरणारा माणूस पावती कुठून आणणार? पण नियमांत एक चांगली सोय आहे. गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं निवेदन लिहून घेतलं तर तेही पुरावा म्हणून धरतात. म्हणून बाबा आपल्याहून म्हातारे असे आणखी एक बाबा घेऊन आले होते. काकांनी त्यांना पाच-सहा प्रश्न विचारले. दुसरे बाबा प्रत्येकाला "हो साहेब" म्हणाले. जमीन होती? हो साहेब. नव्हती? हो साहेब.

मग मुलीने त्यांना त्यांच्या बोलीत विचारलं. म्हाताऱ्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि जो सुरू झाला तो थांबेना. कुठल्या आंब्यापासून कुठल्या ओहोळापर्यंत वरी होती, कुठे नाचणी होती, दगडांची ताल कुणी रचली, कुठल्या पावसाने ती फुटली आणि परत रचायला कोण कोण होतं. साल कुठलं? साल त्यांना माहीत नव्हतं. पण याचा थोरला मुलगा आश्रमशाळेत पहिलीला गेला ते त्या वर्षी. काकांनी पेन खाली ठेवलं. "शाळेचा दाखला आहे?" दाखला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून. साल सापडलं, आणि ते २००५च्या कितीतरी अलीकडचं नव्हे, चांगलं पलीकडचं निघालं.

मुलीने पान भरून लिहिलं. काकांनी त्यातल्या तीन ओळींवर लाल रेघ मारली. "पाऊस काढ."

"काका, पाऊस खरा होता."

"असेल. त्याची नक्कल जोडता येते का?"

मराठी गद्य सुरू झालं तेही काही फार वेगळं नाही. तेराव्या शतकात म्हाइंभट चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला निघाले, ज्यांनी पाहिलं त्यांना गाठून विचारत, ज्यांनी ऐकलं त्यांना गाठून विचारत, पडताळत, आणि त्यातून 'लीळाचरित्र' झालं. ते जिथे झालं त्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला आता मराठी भाषेचं विद्यापीठ आहे. म्हाइंभटांच्या पायपिटीचे किती श्रेयांक धरावेत हे तिथे तरी कुणी ठरवू नये अशी माझी नम्र विनंती आहे.

मुलीने या निवेदनावरूनच आपला ललित लेख लिहिला आणि अंतर्गत परीक्षेला दिला. मी तो वाचला होता. दीड पान, एकही विशेषण नाही, दोन म्हातारे, एक पिशवी, एक दाखला. तिला मौलिकतेचे चार मिळाले, रचनेचे चार, वेळेत सादरीकरणाचे पाच आणि भाषिक सौंदर्याचा एक. शेरा होता : भाषा कोरडी. निसर्गवर्णनाला भरपूर वाव होता. मॅडमचाही दोष नाही. तक्त्यात सौंदर्याचा रकाना असतो, तो बघायला एक सुंदर वाक्य लागतं, आणि मुलीने ते सगळे पाऊस काकांच्या टेबलाखाली टाकून दिले होते. नव्या पहाटवाल्यांना मात्र चार-चार मिळाले.

दुसरा कुणी असता तर कॅन्टीनमध्ये रडला असता किंवा स्टेटसला काळा चौकोन लावला असता. मुलीने अर्ज लिहिला. विषय : भाषिक सौंदर्याचे गुण तपासून मिळणेबाबत. खाली तीन वाक्यं. अमुक तारखेचा लेख, अमुक गुण. निसर्गवर्णन न करण्याचं कारण, लेख ज्या निवेदनावर आधारलेला आहे त्यात पावसाला पुरावा नाही. तरी लेख पुन्हा वाचावा ही विनंती. सोबत : लेख, पाने दोन. तिने तो कार्यालयात नेऊन दिला, आवक क्रमांक घेतला आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला.

आवक क्रमांक पडला आणि महाविद्यालयात धावपळ उडाली. आलेल्या अर्जाला उत्तर द्यायचं तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीची बैठक घ्यायला हवी होती, आणि ती खरोखरच घ्यायला हवी होती. आधी सदस्य कोण ते शोधावं लागलं. दोघांना आपण सदस्य आहोत हे त्याच दिवशी समजलं, आणि एकमेकांना ते अभिनंदन करतानाच भेटले. जिल्हास्तरीय साहित्यिक म्हणून मलाही निमंत्रित केलं होतं. मॅडमनी लेख मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर त्यांनीच पेन मागितलं आणि एकाचे चार केले. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. चहा आलाच नाही, कारण बैठक खरी होणार हे कॅन्टीनवाल्याला कुणी कळवलं नव्हतं.

इतिवृत्त अर्थात वाणिज्य शाखेच्या त्या सरांकडे होतं. ते कागद पुढे ओढून बराच वेळ बसले होते आणि चार ओळींपुढे जात नव्हते. मी विचारलं, "काय सर, आज अडलं?"

ते वैतागून म्हणाले, "काय लिहू? लोक काही बोललेच नाहीत."